पीडीएफखालची ती बारीक अक्षरं

परभणी जिल्ह्यातल्या एका केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. जुलै महिना, पाऊस लांबलेला, पत्र्याखाली चाळीस शिक्षक आणि दोन पंखे. मी पडद्यावर मुलांच्या गोष्टीचं एक पुस्तक दाखवत होतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सीसी बाय ४.०'. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "सर, हे सीसी म्हणजे सीसीई का? पुन्हा नोंदी ठेवायच्या का काय?"

सगळे हसले. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदींनी ज्यांचे रविवार खाल्लेत, त्यांनाच या विनोदाची खोली कळेल.

चहाच्या सुट्टीत दुसऱ्या एका बाईंनी मोबाईल पुढे केला. हातच्याच्या बेरजेवर त्यांनी अठरा पानांची स्वाध्यायपुस्तिका केली होती. "मी त रात्री दीड दीड वाजेस्तोर बसून बनवलं हे," त्या म्हणाल्या. सोमवारी केंद्राच्या ग्रुपवर टाकली. पुढच्या रविवारी तीच पीडीएफ दुसऱ्या जिल्ह्यातल्या ग्रुपवरून फिरत त्यांच्याकडे परत आली. मुखपृष्ठावरचं त्यांचं नाव कापलेलं, तिथे कुणाच्या तरी चॅनेलचा लोगो आणि प्रत्येक पानावर आडवं, फिकट अक्षरांत: 'कॉपी करू नये'.

"तुमचीच आहे कशावरून?" मी विचारलं.

"सातव्या पानावरून. उत्तरसूचीत मी २७ + १५ = ३२ लिहिलंय. हातचा विसरले. ती चूक माझीच आहे."

मग मी मुखपृष्ठावरच्या पोपटाच्या चित्राकडे बोट दाखवलं. हे कुठलं? बाई क्षणभर थांबल्या. "गुगलवरून घेतलं, सर."

आपल्याकडच्या शाळांमधला सगळा घोळ या एका पीडीएफमध्ये आहे. आपलं उचललं की दुखतं, आपण उचललं ते 'गुगलवरून' असतं. गुगल कुणाचंच नाव नाही. तो फक्त पत्ता सांगणारा पानवाला आहे. पोपट कुणीतरी काढलेला होता.

हक्क न मागताच लागतो

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. तुम्ही गोष्ट लिहिली, चित्र काढलं, फोटो टिपला, चाल बांधली की त्या क्षणी त्यावर कॉपीराइट लागतो. नोंदणी लागत नाही, वर्तुळातला 'सी' छापावा लागत नाही. बाईंच्या पुस्तिकेवर कुठलीही सूचना नव्हती, तरी तिच्यावर हक्क होता. पोपटाखाली नाव नव्हतं, तरी पोपटावरही होता.

म्हणजे 'त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून घेतलं' हे बरोबर उलटं आहे. काही लिहिलेलं नसेल तर सगळे हक्क राखून ठेवलेले आहेत असंच धरायचं.

आता गंमत अशी की जगात लाखो लोकांना आपलं काम इतरांनी वापरावं असंच वाटतं. पण प्रत्येकाने पत्र लिहून परवानगी मागायची आणि त्यांनी उत्तर देत बसायचं, हे कुणालाच परवडत नाही. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे मुक्त परवाना: मालकाने सगळ्यांना आधीच, लेखी, काही अटींवर देऊन ठेवलेली परवानगी. यातला सगळ्यात प्रचलित संच 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या संस्थेचा. संस्था २००१ मध्ये स्थापन झाली, पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. 'सीसी' ही अक्षरं त्या नावाची. '४.०' ही परवान्याची आवृत्ती, ती २०१३ ची.

मोफत आणि मुक्त

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे आपलं भाग्य. तरी आपण ते एकच समजतो.

बालभारतीची पुस्तकं घ्या. मंडळाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ मोफत उतरवता येते. पण पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर स्पष्ट छापलेलं असतं की सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. पुस्तक मोफत आहे, मुक्त नाही. उतरवा, वाचा, वर्गात पडद्यावर दाखवा. त्यातले धडे उचलून आपल्या चॅनेलच्या नावाची पुस्तिका काढली, तर ते चालणार नाही.

बसस्टँडवरच्या पाणपोईसारखं आहे हे. रांजणातलं पाणी पोटभर प्या, कुणी विचारणार नाही. पण टँकर लावून रांजण उपसायला गेलात की पाणपोईवाला उठून येईल, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात तर गावच उठून येईल.

उलट बाजूला 'एनआरओईआर' हे राष्ट्रीय शैक्षणिक भांडार आहे. एनसीईआरटीशी जोडलेलं, ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झालेलं, आणि सुरुवातीपासून मुक्त परवान्यावर बेतलेलं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनाला सुरू झालं. त्यातल्या मराठी गोष्टी आता कितीतरी वर्गांत वाचल्या जातात आणि बहुतेकांवर 'सीसी बाय' असतं. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेलं 'दीक्षा' हे सरकारी शैक्षणिक व्यासपीठ तर पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे घरोघरी पोचलंय. तिथे साहित्याच्या माहितीत खाली गेलं की श्रेय आणि परवाना दिसतो. खाली कोण जातं हा वेगळा प्रश्न. सरसकट 'दीक्षावरचं सगळं चालतं' असं मात्र धरू नका. परवाना त्या त्या साहित्यावर बघायचा.

विरजणाचा हिशेब

पाण्याची उपमा एका जागी फसते. रांजण रिकामा होतो, पीडीएफ होत नाही. म्हणून पुढच्यासाठी विरजण बरं. शेजारणीने चमचाभर विरजण दिलं म्हणून तिचं दही कमी होत नाही, आणि तुमच्याकडे लागलेल्या दह्यातून तुम्ही पुढच्या दहा घरांना देऊ शकता.

आता अटी. 'बाय' म्हणजे विरजण कुणाकडचं ते सांगा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने सहा, आणि सहाहींत ही अट असतेच. बाकी काहीही करा: बदला, भाषांतर करा, छापा, अगदी विकासुद्धा.

'एसए' म्हणजे तुमच्याकडे दही लागल्यावर तेही पुढच्याला त्याच अटीवर द्यायचं. घेताना मोकळं आणि देताना कुलूप, असं नाही. विकिपीडियाचा मजकूर या परवान्यावर आहे. विकिपीडियावरून माहिती घेऊन, थोडी बदलून केलेली पुस्तिका 'कॉपी करू नये' म्हणून फिरवली तर ती अट मोडली. आपल्याकडे इर्जिक घालतात तसंच हे. तुझ्या रानात मी बैल घेऊन आलो, आता गड्या पुढच्याच्या रानात तू.

'एनसी' म्हणजे घरी खा, शेजारी द्या, पण हॉटेलात विकू नका. इथे लातूर-नांदेडकडच्या मंडळींनी जरा थांबून वाचावं. परवाना माणूस कोण आहे हे बघत नाही, वापर कशासाठी आहे हे बघतो. शाळेने झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढून मुलांना वाटल्या, तर दुकानदाराला पैसे गेले म्हणून तो व्यापार ठरत नाही. पण फी घेऊन चालणाऱ्या क्लासच्या विकतच्या नोट्समध्ये एनसी साहित्य घालता येणार नाही, मग क्लास चालवणारा कितीही तळमळीचा असो. आणि आपल्या जाहिरातवाल्या व्हिडिओ चॅनेलवर ते चढवायचं असेल तर हा प्रश्न स्वतःला विचारूनच चढवावं.

'एनडी'ला विरजण चालत नाही, तिथे लग्नपत्रिका आठवा. हव्या तितक्यांना वाटा, पण मजकुराला हात लावू नका. आपल्या बदललेल्या प्रती वाटायला यात मनाई असते आणि भाषांतर हाही बदलच. माझ्या मते शाळेसाठी एनडी हा सगळ्यात कमी उपयोगाचा परवाना. बंजारा तांड्यावरच्या वर्गात बसून बघा, कळेल. पहिलीतल्या पोराला घरी गोरमाटी ही बंजारा बोली, शाळेत पुस्तकी मराठी. 'बाय' परवान्याची गोष्ट असेल तर शिक्षिका तांड्यावरच्या एखाद्या ताईला घेऊन बसते आणि दोन तासांत ती गोष्ट देवनागरीतल्या गोरमाटीत उतरवते. छापते, भिंतीवर लावते, बाजूच्या तांड्याला देते. कुणाला विचारायचं नाही, कुठे अर्ज नाही. एनडी असेल तर तीच गोष्ट तशीच, परक्या भाषेत वाचून दाखवायची.

या चार अक्षरांच्या जुळणीतून सहा परवाने होतात. याशिवाय 'सीसी शून्य' असतो, म्हणजे मालकाने सगळंच सोडून दिलेलं. एवढंच लक्षात ठेवा की वेगवेगळी विरजणं एका भांड्यात घालताना जपावं. दोघांचीही अट 'माझ्याच परवान्यावर पुढे द्या' अशी असेल, आणि दोन परवाने वेगळे असतील, तर दोन्ही मिसळून केलेल्या नव्या पुस्तिकेला एकही परवाना बसत नाही.

नाव लिहायचं म्हणजे काय लिहायचं

'साभार: इंटरनेट' हे श्रेय नाही. 'सौजन्य: गुगल' हेही नाही. 'संकलन: अमुक सर' हे तर श्रेयाच्या बरोबर विरुद्ध आहे, कारण वाचणाऱ्याला वाटतं सगळं अमुक सरांनीच केलं.

चार गोष्टी लागतात: कृतीचं नाव, करणाऱ्याचं नाव, कुठून घेतली, परवाना कोणता. बदल केला असेल तर पाचवी, काय बदललं ते. समजा चौथीच्या परिसर अभ्यासासाठी वेरूळच्या कैलास मंदिराचा फोटो हवाय. विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या भावंडावर, मुक्त चित्रांच्या भांडारात, कितीतरी फोटो आहेत. एक निवडला, डावीकडची गर्दी कापली. खाली एका ओळीत असं येईल:

'कैलास मंदिर, वेरूळ. छायाचित्र: (काढणाऱ्याने दिलेलं नाव). विकिमीडिया कॉमन्स. सीसी बाय-एसए ४.०. डावी कडा कापली आहे.'

पडद्यावरच्या प्रतीत फोटोच्या पानाची आणि परवान्याची लिंक जोडायची. छापील पानावर लिंक टाइप करत कोण बसणार, म्हणून छोटा क्यूआर कोड टाकला तरी भागतं. पुस्तिकेत वीस चित्रं असतील तर प्रत्येक चित्राखाली गर्दी नको, शेवटी एक पान 'चित्रांचे श्रेय' म्हणून ठेवा. परवान्यात 'त्या माध्यमाला साजेल अशा वाजवी रीतीने' श्रेय द्या असंच म्हटलंय, इंच-सेंटिमीटर दिलेले नाहीत.

मला विचाराल तर हे पान मुलांकडून करून घ्यावं. सातवीच्या पोरांना फोटो शोधायला लावा आणि सांगा, ज्याचं नाव सापडत नाही तो फोटो घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी कटकट करतील. आठवड्याभरात हीच पोरं शिक्षकांच्या स्लाइडवर बोट ठेवायला लागतात. मी स्वतः एकदा असा पकडलो गेलोय. दौलताबादच्या किल्ल्याचा फोटो होता आणि खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

"शिक्षणासाठी तर कायद्यानेच सूट आहे ना?"

आहे. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो घेणारे शिक्षक सहसा वाचलेले असतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत, आणि प्रश्नपत्रिकेत वापरलेला उतारा, याला उल्लंघन धरलेलं नाही. स्नेहसंमेलनात मुलांनी बसवलेल्या नाटकालाही, प्रेक्षक शाळेतले आणि पालकच असतील तर, मुभा आहे.

ही सूट किती लांब जाते याचा निकाल दिल्लीत लागला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातलं एक झेरॉक्सचं दुकान मुलांना पुस्तकांतली नेमलेली प्रकरणं एकत्र करून देत होतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा ठोकला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने सूट फक्त वर्गातल्या तासापुरती नाही, अध्यापनाच्या सगळ्या ओघाला आहे असं सांगितलं. अध्यापनासाठी एवढ्या प्रती खरंच लागतात का, एवढा मुद्दा पुन्हा तपासायला ठेवला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

म्हणजे अंबडच्या किंवा कळंबच्या शिक्षकाने एखादी कविता फळ्यावर लिहिली, तीस पोरांना तिच्या प्रती काढून दिल्या, तर घाबरायचं कारण नाही. पण ही सूट वर्गाभोवती उभी आहे. तीच कविता तीन हजार सदस्यांच्या टेलिग्राम चॅनेलवर चढवली, त्याखाली आपला लोगो लावला, तर 'अध्यापनाचा ओघ' कुठे संपला आणि प्रकाशन कुठे सुरू झालं, हे सांगायला वकील लागणार नाही. विकतच्या गाईडचं पानपान स्कॅन करून ग्रुपवर टाकण्याबद्दल तर बोलायलाच नको. उल्लंघन जाणूनबुजून केल्याचं ठरलं तर कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हे घाबरवायला सांगत नाही. आकडे माहीत असावेत म्हणून.

मुक्त साहित्याचा फायदा इथेच आहे. सुटीच्या सीमेवर उभं राहून 'हे चालेल का' असं विचारत बसावं लागत नाही. परवानगी आधीच हातात असते, वर्गात आणि वर्गाबाहेरही.

जनाबाई सगळ्यांची, पण…

लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं, एवढा भारतातला कॉपीराइट. साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या पहिल्या जानेवारीपासून मोजतात. त्यानंतर कृती सगळ्यांची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून मोकळं आहे. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले, त्यांचं २०१४ पासून. या माणसाच्या कविता आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांना माहीत नाहीत. आता छापून वाटायला कुणाची आडकाठीही नाही, तरी छापत नाही आपण. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबायचं. कुसुमाग्रज १९९९ मध्ये, म्हणजे २०५९.

गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग, पैठणच्या नाथांची भारुडं, अंबाजोगाईच्या मुकुंदराजांच्या ओव्या यांना तर प्रश्नच नाही. पण इथे पाय घसरतो. अभंग मोकळा असला तरी आजच्या संपादकाने त्यावर लिहिलेल्या टिपा त्याच्या आहेत. आजच्या गायिकेने केलेलं ध्वनिमुद्रण तिचं किंवा तिच्या कंपनीचं आहे. ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीपासून साठ वर्षांचा वेगळा कॉपीराइट असतो. नाथांच्या भारुडाला वर्गात स्वतः चाल लावून मुलांकडून गाऊन घेतलं की मामला मिटला. तेच बरंही लागतं.

आणि कायद्याच्या बाहेरही एक गोष्ट उरते. एका शाळेने गावातल्या आजींकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. ओव्या कुणाच्या, किती पिढ्यांच्या, कोण सांगणार? ओव्यांच्या शब्दांसाठी कायद्याने कदाचित विचारायची गरजही नव्हती. शिक्षकाने विचारलं. आजी म्हणाल्या, "नाव घाला माझं. फोटू नको." त्या रेकॉर्डिंगवर आज आजींचं नाव आहे आणि जात्याचा फोटो आहे.

परवाना फोटोला असतो, फोटोतल्या पोराला नसतो

हे लोक सगळ्यात जास्त विसरतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना फक्त कॉपीराइटबद्दल बोलतो. फोटो काढणाऱ्याने 'घ्या' म्हटलं म्हणजे फोटोत दिसणाऱ्याने 'घ्या' म्हटलं असं होत नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मोबाईल कंपनीने नेटवरचा 'सीसी बाय' फोटो जाहिरातीच्या फलकावर लावला. फोटोतली अमेरिकेतली शाळकरी मुलगी आणि तिचं कुटुंब यांना त्याचा पत्ताच नव्हता. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. परवान्याची अक्षरं जागच्या जागी होती, पण त्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं.

आपण उपक्रमांचे फोटो किती सहज टाकतो ते आठवा. पोषण आहाराच्या पंगतीतली पोरं, हंगामी वसतिगृहातल्या पोरींच्या नावांची यादी, फाटक्या शर्टातल्या मुलाला दप्तर देतानाचा देणगीदार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय. कायदा नसता तरी त्या फाटक्या शर्टातल्या मुलाला दहावीत गेल्यावर तो फोटो सापडला तर काय वाटेल, एवढा विचार पुरेसा होता. मुलांचे चेहरे असलेलं काहीही मुक्त परवान्यावर टाकू नये असं माझं मत आहे. तो परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही.

"आमच्याकडे नेटच नाही, मुक्त काय आणि बंद काय?"

उलट, जिथे नेट नाही तिथेच मुक्त परवाना जास्त कामाचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांची पोरं दिवाळीच्या आसपास आई-बापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बापाचा एक फोन, चार्जिंग कुठल्या तरी दुकानात. तिथे ॲप उघडून व्हिडिओ बघायचा हे बोलायला सोपं आहे.

मुक्त परवान्याच्या गोष्टी, चित्रं, स्वाध्याय उतरवून मेमरी कार्डात भरून द्या. एकाचं कार्ड दहा जणांनी भरून घेतलं तरी कुणाचा हक्क मोडत नाही, कारण प्रत काढायची परवानगी हीच तर त्या परवान्यातली पहिली गोष्ट. 'किविक्स' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते अख्खा विकिपीडिया नेटशिवाय उघडायला देतं. शाळेतल्या एका जुन्या लॅपटॉपवर बसवलं की काम झालं. हे करायला विकिपीडियाला पत्र लिहावं लागलं नाही, याचं कारण त्या बारीक अक्षरांत आहे. 'मोफत' असलेल्या ॲपमधला व्हिडिओ मात्र असा काढून देता येत नाही, आणि ॲप उद्या पैसे मागायला लागलं तर तुमच्या हातात काही राहत नाही.

"मग माझी पुस्तिका कुणीही विकेल!"

बेरजेच्या पुस्तिकेवाल्या बाईंनी हेच विचारलं. विकेल, 'बाय-एसए' दिलं तर विकू शकेल. पण नाव कापता येणार नाही, परवाना लपवता येणार नाही, आणि विकत घेणाराही ती फुकट कॉपी करून वाटू शकेल. असा माल विकून कुणी श्रीमंत होत नाही. तरी खटकत असेल तर 'एनसी' जोडा. तो तुमचा हक्क आहे.

आणि ज्याने नाव कापलं त्याचं काय? '४.०' परवान्यात अट मोडली की परवानगी आपोआप जाते. चूक कळल्यापासून तीस दिवसांत सुधारली तर आपोआप परतही येते. चूक बहुतेकदा घाईने होते, हे लक्षात घेऊनच केलेली ही तजवीज. ग्रुपवर भांडण पेटवण्याआधी खासगीत एक मेसेज करायला काय हरकत आहे?

मग त्यांनी असा प्रश्न विचारला की माझी बोलती बंद झाली. "सर, मी जिल्हा परिषदेची नोकर. मला परवाना देता येतो का?" कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामात तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पुस्तिका रात्री दीड वाजता घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, कुणी सांगितलेलं नसताना केली. ती नोकरीतली की घरची? युनेस्कोने २०१९ मध्ये सगळ्या देशांना सांगितलंय की सरकारी पैशातून झालेलं शैक्षणिक साहित्य मुक्त करण्याला चालना द्या. तसा एक स्पष्ट आदेश निघाला तर हजारो शिक्षकांचा हा प्रश्न एका कागदात सुटेल. तोवर मी त्यांना वरिष्ठांना लेखी विचारायला सांगितलं. पत्र दिलंय. उत्तराची वाट पाहणं चालू आहे.

दरम्यान बाईंनी पुस्तिका दुरुस्त केली. गुगलचा पोपट काढला. त्याजागी चौथीतल्या एका मुलीने काढलेला पोपट आला, जरा कावळ्यासारखा दिसणारा. चित्र मुलीचं, म्हणून आधी तिला विचारलं, मग तिच्या आईला, आणि आतल्या पानावर फक्त तिचं पहिलं नाव टाकलं. सातव्या पानावरचा हातचा घेतला. शेवटी एक ओळ लिहिली: चूक सापडल्यास या ठिकाणी कळवा.

ज्यांच्याकडे त्यांच्या नावाची जुनी प्रत होती, त्यांना नवी पाठवता आली. नाव कापलेली प्रत ज्यांच्याकडे पोचली, त्यांना चूक कळवायची कुणी आणि कुठे? परवा नांदेडकडच्या एका ग्रुपवर ती पुन्हा आली. लोगो तोच, 'कॉपी करू नये' तेच, आणि सातव्या पानावर २७ + १५ = ३२.